फांदीवरच मुळं धरणारं अंजीर

कलम म्हटलं की नागपूरकराला संत्रा आठवतो. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरायचा. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची. अंजिराला हा जोडसंसार लागत नाही. वड-उंबराच्या या भाऊबंदाच्या फांदीतच मुळं फोडण्याची तयारी असते, त्यामुळे गुटी कलम घरच्या घरी साधतं. बी पेरण्यात मात्र अर्थ नाही. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीर परागीभवनाशिवाय पिकतं. त्याच्या बिया पोकळ निघतात.

पेन्सिलीहून थोडी जाड, तांबेरा नसलेली फांदी निवडा. तिची अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढा. चीक वाहील, तो हाताला खाजतो, फडक्यानं पुसा. मग आतल्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडून टाका. याचा कंटाळा केला की गुटी हमखास फसते, कारण त्या थरातून नवी साल तयार होऊन जखम सांधली जाते.

पानांनी बनवलेली साखर आणि ऑक्झिन हे संप्रेरक सालीतून खाली उतरतात. पाणी वर चढतं ते लाकडातून. साल गेली की उतरणीची वाट बंद, चढणीची चालू. साखर आणि ऑक्झिन जखमेच्या वरच्या काठाशी तुंबतात, तिथे फुगवटा येतो. इटलीच्या माल्पिघीनं तो सतराव्या शतकातच नोंदवला होता. ऑक्झिनचा उलगडा व्हायला विसावं शतक उजाडलं. ओल आणि अंधार मिळाला की तिथल्याच पेशी मुळं धरतात. त्यासाठी भिजवून पिळलेलं मॉस जखमेभोवती गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं.

नुसती काडी लावूनही अंजीर येतं, रोपवाटिकांत सर्रास तेच करतात. मग ही खटपट कशाला? काडीला बरेचदा पानं आधी फुटतात आणि नागपूरचा उन्हाळा तिला मुळं धरायची सवड देत नाही. गुटीला मूळ झाडाचं पाणी मिळत राहतं. तरी मेमध्ये गुटी बांधू नयेच. 45 अंशांत मॉस ठणठणीत कोरडं पडतं. पाऊस स्थिरावल्यावर बांधा. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतील. ती तपकिरी होऊ लागली की खालून कापा, निम्मी पानं काढा आणि रोप कुंडीत लावून सावलीत ठेवा. कुंडीत आपली निव्वळ काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि अंजिराची मुळं सडतात. वाळू आणि शेणखत सढळ हातानं मिसळा.