घरातील मोकळी खोली भाड्याने देताना

धाराशिव जिल्ह्यातील वाशी हे तालुक्याचे गाव. तालुका म्हटला की कचेरी आली, पंचायत समिती आली, दवाखाना, बँका, शाळा व महाविद्यालय आले. आणि त्यांच्यामागून बदलून आलेले कारकून, शिक्षक, परिचारिका व खेड्यापाड्यांतून शिकावयास येणारी मुलेही आली. ह्या सर्वांना राहावयास जागा हवी असते. उलटपक्षी, ज्या घरांतील मुले पुण्यामुंबईस नोकरीस गेली आहेत, त्या घरांत एखादी खोली कुलूप लावून पडलेली असते. ह्या दोन गरजांची गाठ सहज पडावी. परंतु पुष्कळदा ती पडत नाही. कारण विचारावे तर घरधनी म्हणतो, “एकदा माणूस आत आला की तो निघायचा नाही.” ह्या भीतीत खरे किती व खोटे किती, आणि तिची योग्य ती व्यवस्था लावून खोली कशी द्यावी, ह्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही भीती निराधार आहे असे मुळीच नाही. मराठवाड्यात तिचे मूळ ‘कूळ’ ह्या एका शब्दात सापडते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० साली तेथे कुळवहिवाट व शेतजमिनीविषयीचा कायदा झाला. जमीन कसणाऱ्या संरक्षित कुळास तिची मालकी मिळण्याचा मार्ग त्या कायद्याने मोकळा केला. ‘जमीन कुळाला गेली’ हे वाक्य तेव्हापासून घरोघरी ठाऊक झाले. परंतु तो कायदा शेतजमिनीचा होता. घरातील खोलीत राहणारा मनुष्य त्या अर्थाने कूळ नव्हे, आणि शेताचा न्याय ओसरीला लागू होत नाही.

दुसरी हकीकत मुंबईकडची. तेथे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पुष्कळ जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यालाच जखडून टाकले. त्यातून सुटका म्हणून मालक ‘भाड्याने’ न देता ‘परवान्याने’ जागा देऊ लागले. पुढे १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवानाधारक जागेत राहात होते त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. पुष्कळ घरमालकांनी त्या वेळी जो धसका घेतला, तो अद्याप ओसरलेला नाही. हा कायदा मराठवाड्यास लागू नव्हता. तेथे हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. आज हे दोन्ही कायदे इतिहासजमा झाले असून, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा अमलात आहे.

तिसरा समज असा की, बारा वर्षे राहिला की घर त्याचे झाले. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांचा उल्लेख आहे हे खरे. परंतु तो मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे व स्वतःच्या मालकीच्या भावनेने ठेवलेल्या कब्जाविषयी आहे. आपल्या परवानगीने राहणाऱ्या, आपणांस दरमहा भाडे देणाऱ्या मनुष्याचा कब्जा तसा विरोधी मानला जात नाही. भाड्याची प्रत्येक पावती ही मालकीची एकेक कबुलीच होय. पावती देणे ज्यांना धोक्याचे वाटते, त्यांनी एवढी गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. ती पावतीच त्यांची ढाल आहे, आणि कायद्यानेही घेतलेल्या रकमेची पावती देणे मालकावर बंधनकारक केले आहे.

चौथा समज अकरा महिन्यांचा. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी नको, असे सर्रास सांगितले जाते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून वर्षाच्या आतला आकडा लोकांनी शोधून काढला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने हे कोडे निकालात काढले आहे. जागा भाड्याने द्या की परवान्याने द्या, मुदत कितीही असो, करार लेखी पाहिजे व तो नोंदलेला पाहिजे. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, जागा कोणत्या अटींवर दिली ह्याविषयी राहणाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे विश्वासाने, तोंडी बोलीवर खोली देणारा सज्जन गृहस्थच अधिक उघडा पडतो!

ह्याउलट, राहण्यासाठी लेखी परवाना दिला असेल तर मुदत संपताच जागा परत मागण्याचा हक्क २४ व्या कलमाने मालकास दिला आहे. दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता न धरता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून ठेवणारास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. भाडेपट्ट्यात जागेतील हक्काचा काही अंश भाडेकरूकडे जातो. परवान्यात केवळ राहण्याची मुभा मिळते, असा ह्या दोहोंतील भेद आहे. हा अधिनियम कोणत्या गावांना लागू आहे त्याची परिशिष्टे त्यास जोडलेली आहेत. परंतु परिशिष्टाबाहेरच्या गावीही लेखी व नोंदलेला करार केव्हाही हिताचाच. ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावरूनही करता येते.

करारात काय असावे? दोन्ही पक्षांची नावे, खोली कोणती व तिच्याबरोबर न्हाणी, अंगण, जिना ह्यांपैकी काय वापरावयाचे, मुदत, भाडे व ते देण्याची तारीख, अनामत रक्कम व ती परत करण्याची रीत, आणि मुदतीपूर्वी जागा सोडावयाची वा सोडवावयाची झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची, एवढे तरी असावेच. अनामत किती घ्यावी ह्याला माप हवे असेल तर, केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना कायद्यात राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे, ती डोळ्यांपुढे ठेवावी. विजेसाठी त्या खोलीपुरते निराळे मीटर बसविले तर दरमहाचा वाद मिटतो. भाड्याचे उत्पन्न आयकराच्या हिशेबात दाखवावे. भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेतून तीस टक्के सूट मिळते.

पाण्याविषयी मात्र निराळे बोलले पाहिजे. बालाघाटच्या डोंगरपठारावरील हा मुलूख अवर्षणाचा. २०१६ साली शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले, हे आपणांस स्मरत असेल. अशा प्रदेशात एका छपराखालची भांडणे भाड्यावरून होतात त्याहून अधिक हंड्याघागरींवरून होतात. म्हणून नळ कोणत्या वेळी कोणी भरावयाचा, टाकी कोणाची, आणि उन्हाळ्यात टँकर आणविला तर खर्चाची वाटणी कशी, हे आधीच लिहून ठेवावे. एक गोष्ट मात्र कोणत्याही रागाच्या भरात करू नये. पाणी वा वीज तोडून राहणारास हुसकावून लावणे कायद्याने वर्ज्य आहे. घरात लहान मूल असेल तर ते माणुसकीलाही वर्ज्य आहे, हे सांगावयास कायदा कशास हवा?

आता खुद्द खोलीकडे वळू. जुन्या वाड्यातील खोली बहुधा दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची असते. उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व आपल्याच जिल्ह्याच्या उमरगा भागात जो संहार केला, त्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. आणि त्यांतील बहुतेक ह्याच तऱ्हेच्या जड भिंतींखाली व माळवदांखाली दडपली गेली. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी टाकलेल्या पांढऱ्या मातीचे थर वर्षानुवर्षे साठतात आणि त्यांचे ओझे तुळयांवर पडते. तुळई वाकली असेल, तिला वाळवी लागली असेल, भिंतीला पोट आले असेल किंवा कोपऱ्यात उभी भेग गेली असेल, तर ती खोली जाणत्या अभियंत्यास दाखविल्यावाचून कोणास राहावयास देऊ नये. आपले सामान ठेवण्यास जी खोली आपणांस धोक्याची वाटत नाही, ती दुसऱ्याच्या लेकरास निजावयास देताना मात्र नीट पारखून घ्यावी.

शेवटचा प्रश्न : खोली द्यावी कोणास? राहणाराची ओळख पटवून घेणे, तो कोठे काम करतो वा शिकतो हे विचारणे, पोलीस ठाण्यात त्याची माहिती देणे, हे सर्व रास्त आहे. परंतु आपल्याकडे ह्या प्रश्नांच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तो जातीचा. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशचे शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक तेथे आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. दोन स्नेह्यांची घरे त्या शहरात होती; पैकी एकाने नोकरांची अडचण पुढे केली, तर दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. अखेर नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. लाठ्या घेऊन आलेल्यांचा आपण सहज निषेध करतो; पण त्या दोन स्नेह्यांची सौम्य उत्तरे आजही आपल्या दारांत ऐकू येतात. अस्पृश्यता राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने नष्ट केली. तरीही वाशीसारख्या गावी नवीन आलेल्या शिक्षिकेला आडनाव ऐकल्यावर ‘खोली कालच दिली’ असे सांगितले जात असेल, तर तिचे त्या गावातील पहिले पाऊलच अडखळते, आणि तिच्या हाताखाली शिकणारी मुले तर आपलीच असतात.

श्रोतेहो, ज्या भयाने खोलीला कुलूप लागते त्यावरचा उपाय मुद्रांकाच्या कागदावर उतरतो, आणि त्यास फारसा खर्चही येत नाही. लेखी करार मागितल्याने समोरच्याचा अपमान होतो असे मानू नये. दोन्ही पक्षांनी तो एकत्र बसून वाचावा, न पटणारे कलम तेथेच बदलून घ्यावे, आणि एकेक प्रत आपल्याजवळ ठेवावी. एवढे झाले म्हणजे खोली झाडून, भिंती पाहून, पाण्याची वेळ सांगून किल्ली हाती द्यावयास हरकत नाही.