कुलूप बदलले, किल्ली तीच!

आमच्या संस्थेत संगणकाचा परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, दर तीन महिन्यांनी बदलण्याची सक्ती होती. एकदा आम्ही सहकाऱ्यांना सहज विचारले, "तुम्ही नवा शब्द कसा ठरवता?" बहुतेकांचे उत्तर एकच होते. शेवटी १ असेल तर २ करायचा, पुढच्या वेळी ३! हसता हसता लक्षात आले, की आम्हीही तेच करत होतो.

याला आळस म्हणायचे का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसे यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. कर्मचारी मुळात बेपर्वा नसतात. नियम त्यांच्या कामाशी जुळत नाहीत आणि नियमामागचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मग अशा बदलाचा उपयोग किती? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासले. ज्यांचा जुना शब्द फोडता आला अशी ७,७०० हून अधिक खाती त्यांनी घेतली. त्यांपैकी सुमारे ४१ टक्के खात्यांत जुन्या शब्दावरून नवा शब्द संगणकाने काही सेकंदांत ओळखला. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ठरावीक मुदतीने शब्द बदलायला लावू नये, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा, अशी शिफारस केली.

चांगला शब्द कोणता, हे साध्या गणिताने कळते. इंग्रजीतील आठ लहान अक्षरांच्या सुमारे २०,८८३ कोटी जुळण्या होतात. आता २,००० सोप्या शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द निवडा. जुळण्या होतात १६ लाख कोटी! म्हणजे लक्षात ठेवायला सोपा आणि ओळखायला अवघड. मात्र निवड चिठ्ठीनेच हवी. आवडीची म्हण घेतली तर हे गणित लागू होत नाही.

हे गणित आम्ही फळ्यावर मांडले, तेव्हा परिपत्रकांनी न झालेले काम झाले. आणखी एक गोष्ट घडली. फसव्या पत्रातील दुव्यावर आपण आठवड्यापूर्वी क्लिक केले होते, असे एका सहकाऱ्याने त्या दिवशी सांगितले. रागावतील म्हणून ते गप्प होते. तो आठवडा आमच्या धाकाने वाया गेला होता. चूक लगेच सांगणाऱ्याचे आभार मानायचे, हा नियम आम्ही त्यानंतर केला.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. सहा आकड्यांचे संकेतांक १० लाख असतात. पण जन्मतारीखच वापरायची ठरवली, तर शंभर वर्षांत किती तारखा येतात? मुलांनाच मोजू द्या. उत्तर साडेछत्तीस हजारांच्या आसपास आले, की जन्मतारीख का वापरू नये, हे वेगळे सांगावे लागणार नाही.