अंगणात उभा आगीचा बंब

कुणाच्या दारात स्कूटर उभी असते, कुणाच्या दारात जीप, गावाकडे ट्रॅक्टर. पण समजा, तुमच्या शेजारच्या काकांनी एके दिवशी चक्क आगीचा बंबच विकत आणून अंगणात उभा केला तर? सगळी आळी गोळा होईल की नाही?

इंग्लंडमध्ये अशी हौशी माणसं खरोखरच आहेत. रिटायर झालेला जुना बंब विकत घ्यायचा, घासूनपुसून चकचकीत करायचा आणि सुटीच्या दिवशी तळ्याकाठी नेऊन त्याचा पंप चालवायचा, हा त्यांचा छंद. या मंडळींची एक लाडकी गाडी आहे. तिचं नाव 'ग्रीन गॉडेस', म्हणजे हिरवी देवी! बंब म्हटला की लाल, पण ही आपली गर्द हिरवी.

आधी 'बंब' या शब्दाची एक गंमत. आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा, आठवतो? त्याच्या पोटात विस्तव पेटवायचा आणि पाणी तापवायचं. आगीच्या बंबाचं काम बरोबर उलटं. इथं पोटात पाणी आणि विस्तव बाहेर! नाव मात्र दोघांचं एकच.

तर ही हिरवी देवी जन्मली 1953 ते 1956 या वर्षांत. दुसरं महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते आणि अणुबॉम्बची भीती सगळ्या जगाच्या मनात होती. ब्रिटिश सरकारनं विचार केला, शहरावर बॉम्ब पडला तर रस्त्याखालचे नळच फुटतील. मग आग विझवायला पाणी आणायचं कुठून? नदीतून, तळ्यातून, कालव्यातून! म्हणून तीन हजारांहून जास्त गाड्या बांधल्या गेल्या. त्यांचं मुख्य काम पाणी वाहून नेणं नव्हे, तर पाणी उचलणं आणि पुढे ढकलणं. एका गाडीनं नदीतून पाणी उचलायचं, होजमधून दुसरीकडे द्यायचं, दुसरीनं तिसरीकडे. गणपतीच्या मिरवणुकीत साखळी धरतात ना, तशी पंपांची साखळी.

सुदैवानं ते युद्ध झालंच नाही. ज्या सहायक अग्निशमन दलासाठी या गाड्या केल्या, ते दल 1968 मध्ये बंद झालं आणि गाड्या कोठारात जाऊन बसल्या. 1977 मध्ये तिथल्या फायरमननी संप केला, तेव्हा सैनिकांनी या गाड्या बाहेर काढून आगी विझवल्या. 2002 च्या संपातही पुन्हा तेच. त्यानंतर सरकारनं त्या विकून टाकल्या. काही परदेशी गेल्या, काही हौशी लोकांनी घेतल्या.

आता घेतली म्हणून काय झालं? निळा दिवा लावून, सायरन वाजवत रस्त्यावरून पळवता येत नाही, तिथला कायदाच तसा आहे. कुठे आग लागली म्हणून स्वतःचा बंब घेऊन धावतही जायचं नाही, ते काम अग्निशमन दलाचं. मग उरतो पंप. आणि खरी मजा तिथंच आहे. खरा धोकाही तिथंच!

टाकी किती पुरते?

पुष्कळांना वाटतं, बंबाच्या पोटात भरपूर पाणी असतं. करूया हिशेब? चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या ग्रीन गॉडेसची टाकी 300 गॅलनची, म्हणजे सुमारे 1,360 लिटर. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीपेक्षा थोडी मोठी, इतकंच. आणि पंप मिनिटाला सुमारे 4,000 लिटर पाणी फेकू शकतो. सगळा जोर लावला तर टाकी वीस सेकंदांत कोरडी! दात घासायलाही याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून होजच्या टोकाला अरुंद तोंडाची नळी लावतात. फायरमन तिला 'ब्रँच' म्हणतात. तिचं तोंड साडेबारा मिलिमीटरचं असेल तर नेहमीच्या दाबानं तीच टाकी पाच मिनिटं पुरते. तोंड दुप्पट रुंद, म्हणजे 25 मिलिमीटर केलं, तर सव्वा मिनिटात खलास. (तोंड दुप्पट केलं तर पाणी चौपट का गेलं? वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवा. नाहीतर गणिताच्या सरांना विचारा.) टाकीचं पाणी फक्त सुरुवात करायला. तेवढ्या वेळात दुसऱ्यांनी तळं गाठायचं.

पंपानं हवा धरली!

तळ्यातून पाणी घ्यायला लागते सक्शन होज. ही जाडजूड आणि कडक असते, आत तारेचं वेटोळं असतं. ते नसेल तर पंपानं ओढ घेताच होज चपटी होऊन जाईल. पाण्यातल्या टोकाला जाळी बसवतात, म्हणजे पाला, गाळ, बिचारे बेडूक आत जायला नकोत. जाळी पाण्यात चांगली खोल बुडवायची. वरवर ठेवली तर मोरीच्या भोकापाशी होतो तसा भोवरा होतो आणि त्यातून हवा आत शिरते. आणि हवा म्हणजे या पंपाचा शत्रू नंबर एक!

का बरं? पावसात भिजलेली छत्री कधी गरगर फिरवलीय? थेंब कसे चहूकडे उडतात! बंबाच्या पंपात असंच एक पात्यांचं चाक वेगानं फिरत असतं. मधोमध आलेलं पाणी ते बाहेर भिरकावतं, मध्ये जागा रिकामी होते आणि तिथं नवं पाणी येतं. पण आत पाण्याऐवजी हवा असली तर? हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी. तिला भिरकावून काही जोरच लागत नाही. चाक नुसतंच घरघरत राहतं. विहिरीवर मोटार असलेल्या मुलांना हे सांगायला नको. 'मोटारीनं हवा धरली' म्हणून वडील वैतागतात आणि आधी पाणी ओतून मोटार भरून घेतात, ती भानगड हीच.

तेव्हा आधी पंपातली आणि सक्शन होजमधली हवा काढून टाकायची. याला प्रायमिंग म्हणतात. काही जुन्या बंबांत या कामाला इंजिनाचा धूरच जुंपत. धूर अरुंद नळीतून जोरानं सोडला की जाताजाता तो शेजारची हवाही ओढून नेतो. आहे की नाही डोकेबाज युक्ती?

हवा गेली की पाणी वर चढतं. पण लक्षात घ्या, पंप पाण्याला खेचत नाही. तळ्यावर बाहेरच्या हवेचा भार असतो, तो पाण्याला होजमध्ये वर ढकलतो. हा भार पाण्याला जास्तीत जास्त दहा मीटरच्या थोडं वर चढवू शकतो, त्यापुढे नाही. इंजिन कितीही दांडगं असो! व्यवहारात सात-आठ मीटर मिळाले तरी पुष्कळ. आणि महाबळेश्वरला, जिथं हवा विरळ, तिथं ही मर्यादा आणखी दीडेक मीटरनं कमी होते.

घरी करून बघा. सरबत पिण्याची एक नळी घ्या आणि पाण्याच्या वर राहील अशा जागी तिला टाचणीनं एक भोक पाडा (टाचणी आईकडून मागून, नीट जपून). आता सरबत ओढून पाहा. तोंडात सरबताबरोबर हवेचे बुडबुडेच बुडबुडे! दोन सक्शन होजच्या सांध्यात एवढीशी फट राहिली तरी पंपाचं नेमकं असंच होतं. म्हणून सांधे पान्यानं कचकचून आवळतात.

दोन काटे

आता पंप भरला. गाडी जागेवर उभी, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली लाकडी ठोकळे. चाकांकडे जाणारी इंजिनाची ताकद एका दांड्यानं पंपाकडे वळवलेली. ग्रीन गॉडेसचा पंप मागच्या बाजूला असतो. तिथं उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणू या पंपवाला. दुसरा माणूस ब्रँच धरून पुढे गेलेला, कदाचित भिंतीच्या पलीकडे. दोघं एकमेकांना दिसत नाहीत.

पाणी सोडण्याआधी होज कापडी पट्ट्यासारखी चपटी असते. 23 मीटरची गुंडाळी एक जण खांद्यावर सहज नेतो. तीच सत्तर मिलिमीटरची होज पाण्यानं भरली की आतल्या पाण्याचंच वजन होतं 88 किलो! मग ती ओढायला दोघं-तिघं हवेत. म्हणून होज आधी हवी तिथं नीट पसरायची, पीळ काढायचे, आणि मगच पाणी.

ब्रँचवाल्यानं 'पाणी सोड!' म्हटल्याशिवाय पंपवाल्यानं झडपेला हात लावायचा नाही. हा नियम मोडायचाच नाही. कारण सांगतो. 25 मिलिमीटरच्या तोंडातून सात बारच्या दाबानं, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सातपट दाबानं, धार सुटते तेव्हा ती ब्रँचवाल्याला मागे ढकलते. किती जोरानं? जवळजवळ सत्तर किलोचा माणूस रेलावा इतक्या. ब्रँच बेसावध हातातून सुटली तर धातूचं ते तोंड डिवचलेल्या नागासारखं उसळत फिरतं. हाड मोडू शकतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून झडप उघडायची ती हळूहळू.

बंद करायची तीही हळूहळूच. घरचा नळ झटकन बंद केला की भिंतीतले पाईप धाडकन वाजतात ना? धावत्या पाण्याला एकदम अडवलं की ते धडक देतं. बंबाच्या होजमध्ये ही धडक इतकी मोठी असते की होज फुटते, नाहीतर पंपच तडकतो.

पंपवाल्याच्या समोर दोन तबकड्या असतात. एक सांगते सक्शनची ओढ, दुसरी सांगते बाहेर जाणाऱ्या पाण्याचा दाब. तयार पंपवाला या दोन काट्यांवरून न दिसणारं सगळं ओळखतो. ओढ वाढतेय आणि दाब घसरतोय? जाळीत पाला अडकला असणार, किंवा होज तरी फुटली असणार. मागे वळून जमिनीवर पाण्याचं तळं दिसतंय का, ते बघायचं. ओढ कमी झाली आणि दाबाचा काटा थरथरतोय? कुठूनतरी हवा शिरली. दाब एकदम वर चढला? ब्रँचवाल्यानं तोंड बंद केलं, नाहीतर होजला मुडप पडली. डॉक्टर नाडी बघतात तसंच म्हणा ना. मला विचाराल तर ब्रँचवाल्याचे फोटो छापून येतात, पण खरं कसब या मागे उभ्या असलेल्याचं.

तोंड बंद असताना आणखी एक धोका असतो. चाक तेच पाणी घुसळत राहतं. थोड्या वेळात ते पाणी तापतं, अगदी पोळण्याइतकं! मग पंपाची सीलं खराब होतात. उपाय सोपा आहे. एक छोटी वाट उघडी ठेवायची आणि थोडं पाणी टाकीत परत फिरवत राहायचं.

होज जितकी लांब, तितका दाब वाटेतच कमी होतो, कारण पाणी आतल्या बाजूला घासत जातं. पाणी दुप्पट सोडलं तर ही घट दुप्पट नाही, चौपट होते. नुसतं इंजिन रेटून लांबवर पाणी पोचत नाही ते यामुळेच. हिरव्या देवींची ती साखळी आठवते? मध्येमध्ये पंप हवेत ते याचसाठी.

बरं, एवढा पंप असला म्हणजे कुठलीही आग विझेल? आपल्या मुंबईच्या लोकांना याचं उत्तर माहीत आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. आत कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. बंबवाल्यांनी जहाजात 900 टनांहून जास्त पाणी ओतलं. म्हणजे ग्रीन गॉडेसचा पंप पूर्ण जोरानं पावणेचार तास चालवावा इतकं! पण दाट धुरामुळे आग नेमकी कुठे आहे ते सापडेना, आणि जहाजातलं पाणी तापून उकळू लागलं. दुपारी चार वाजून गेल्यावर जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान होते. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात काही ठिकाणी अग्निशमन केंद्र आतून बघायला मिळतं. आई-बाबांनो, मुलांना जरूर न्या. तिथल्या होजचे सांधे खटकन बसणारे, फिरवावे न लागणारे असतात. ग्रीन गॉडेसचेही त्याच जातीचे.

आता राहिलं पंपिंग संपल्यानंतरचं काम. ते कुणालाच आवडत नाही. होज धुवायच्या, त्यातलं पाणी निथळायचं, वाळवायच्या. जुन्या होज जवसाच्या झाडाच्या धाग्यांच्या विणलेल्या असत. पाणी सोडलं की सुरुवातीला त्या नव्या माठासारख्या पाझरायच्या. धागे भिजून फुगले की पाझरणं थांबायचं. पण ओल्या तशाच गुंडाळल्या तर कुजायच्या. म्हणून काही जुन्या अग्निशमन केंद्रांत उंच मनोरा असायचा. त्यात होज टांगून वाळवत.

आणि पंप? सरकारी बंबाची टाकी परतल्याबरोबर आधी भरून ठेवतात, न जाणो, लगेच घंटा वाजली तर! हौशी मालकाचं तिथल्या हिवाळ्यात नेमकं उलटं असतं. पाण्याचं बर्फ झालं की ते फुगतं आणि बिडाचा पंप काचेसारखा तडकतो. साठ-सत्तर वर्षांच्या पंपाचे सुटे भाग मिळणार कुठे? म्हणून टाकी रिकामी, पंपाच्या तळाचा छोटा नळ उघडा, झडपा उघड्या, शेवटचा थेंब गळेपर्यंत वाट बघायची. नळ उघडाच ठेवून हिरवी देवी शेडमध्ये जाते. आणि विसरू नये म्हणून स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधून ठेवायची: 'पाणी काढलं आहे. नळ उघडा आहे.'