नाकाची दहा वर्षं

विद्यानगरात माझ्या मावशीच्या शेजारच्या मुलीला स्थळाकडून नकार आला. पत्रिका जुळली होती, नोकरीही उत्तम. पण मुलाकडच्यांनी तिचा फोटो कुणा ‘फेस रीडिंग’वाल्याला दाखवला आणि गाडी नाकावर अडली. आपल्याकडे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. हे सतराशे एकावं थेट चीनहून आलेलं! म्हणून त्या माणसालाच बघायला गेले.

तळमजल्यावरची पुढची खोली. उदबत्ती आणि अमृतांजन यांचा एकत्र वास. व्यंकटेश्वराच्या तसबिरीखाली चिनी चेहऱ्याचा तक्ता, कपाळापासून हनुवटीपर्यंत आकडेच आकडे. गृहस्थ निवृत्त, घरचे तेलुगू. माझ्याशी मात्र दखनीत बोलले. “चष्मा निकालो अम्मा, बालां पीछे लेओ.” मग खिडकीकडे तोंड करून बसवलं. ट्यूबच्या उजेडात ते चेहरा बघतच नाहीत.

तक्त्याचा हिशेब असा: पहिली 14 वर्षं कानांची, 15 ते 30 कपाळाची, मग भुवया, चाळिशीपर्यंत डोळे. “41 से 50, नाक,” हे त्यांनी तीनदा सांगितलं, कारण मी 43 वर्षांची. नाक हे पैशाचं घर. शेंडा 48व्या वर्षाचा. शेंडा गोल, मांसल असला की बरकत. नाकपुड्या समोरून दिसल्या की पैसा गळतो. म्हणजे ती मुलगी गळकी ठरली होती.

चिन्यांनाच कशाला नावं ठेवायची? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषांच्या आणि मुलींच्या अंगलक्षणांचे वेगवेगळे अध्याय आहेत. उलट चीनमध्येच इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात शुन्त्झ नावाच्या विचारवंताने या विद्येविरुद्ध एक प्रकरण लिहिलं. रूप कसलं बघता, मन बघा, असा त्याचा रोख. आणि 1831 साली ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय डार्विनला नेणार नव्हता. कारण काय, तर असल्या नाकाच्या माणसात धमक नसते! डार्विन गेला, आणि पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी बसले होते. पण ते बघत राहिले. दोन मिनिटं, तीन मिनिटं, एक शब्द नाही. मग चष्म्याने नाकावर पडलेल्या खुणांकडे बोट करून हळूच म्हणाले, “नींद नईं हो री ना?” आणि आई गेल्यापासूनचं सगळं मी त्यांना सांगून टाकलं. ओळख ना पाळख. त्यात 41 नव्हतं, 48 नव्हतं. एक म्हातारा माणूस उजेडात बसून निवांत बघत होता, एवढंच. अजूनही ती खिडकी आठवते.

निघताना विचारलं, “अंकल, नुसत्या फोटोवरून नाक कळतं?”

“नईं कळता. सामने बैठना पडता.”

“मग शेजारच्या मुलीचं?”

ते उदबत्ती बदलायला उठले.

दाराशी दर लिहिले होते. समोर बसून 500 रुपये. फोटोवरून 250.