२९ हजार किलोमीटर आणि एक सराटा

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत १,४६५ किलोमीटर वाहते. परभणी जिल्ह्यात तिला गोदावरी म्हणणारे कमी, गंगा म्हणणारेच जास्त. गंगाखेडच्या घाटावर उभं राहिलं की वरच्या अंगाला नाशिक आणि खालच्या अंगाला थेट आंध्रचा समुद्र, एवढा तिचा पसारा. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधले आकडे ऐकले की डोकं गरगरतं, म्हणून ते मोजायला या लेखापुरती हीच गंगा मोजपट्टी धरू.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली सायकलवर २९ हजार किलोमीटर अंतर कापलं. म्हणजे जवळजवळ वीस गंगा. तेव्हा ती अवघी विशीची होती. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून आषाढीच्या आधी निघालेली ही मुलगी १४ देश ओलांडून कोलकात्याला पोचली ती २३ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. एकूण दिवस १५९. त्या वेळी आशियातल्या कुणीही सायकलवर एवढ्या वेगाने पृथ्वीप्रदक्षिणा केली नव्हती.

दिवसाची सरासरी काढली तर १८२ किलोमीटर येते. परभणीहून गंगाखेडला जाऊन परत यायचं, पाणी पिऊन लगेच जिंतूरला निघायचं आणि तिथूनही परत यायचं, तरी साधारण १७० किलोमीटरच होतात. हे रोज करायचं, वर आणखी दहा-बारा किलोमीटर, आणि असे १५९ दिवस. यात व्हिसाच्या खेपा आल्या, आजारपण आलं, विमानतळावर सायकल खोलून खोक्यात भरणंही आलं.

या बाबतीतले जुने मोठे मुंबईचेच. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलवर निघाले आणि १८ मार्च १९२८ रोजी परतले. अंतर ७१ हजार किलोमीटर, म्हणजे ४८ गंगा. निघताना सहा जण होते, पूर्ण फेरी तिघांनीच केली. सहाचे तीन झाले, हा आकडा ७१ हजारांपेक्षा जास्त बोलका आहे.

आता परभणीच्या एखाद्या कॉलेजच्या पोराने जगप्रदक्षिणेचा विक्रम डोक्यात घेतला तर? नियम सांगतो की सायकलवर किमान १८ हजार मैल, म्हणजे सुमारे २९ हजार किलोमीटर व्हायला हवेत. विमान-बोटीचा प्रवास धरून एकूण अंतर विषुववृत्ताच्या परिघाहून, म्हणजे ४०,०७५ किलोमीटरहून जास्त भरायला हवं. शिवाय पृथ्वीगोलावर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध असणाऱ्या दोन जागांना पाय लावायला हवा. परभणीच्या बरोबर विरुद्ध जागा दक्षिण पॅसिफिक महासागरात येते. तिथून सर्वांत जवळची वस्ती ईस्टर बेटावरची, तीही सुमारे हजार किलोमीटरवर. तेव्हा घराचा उंबरा त्या दोन जागांत धरता येणार नाही, जोडी दुसरीकडे शोधावी लागेल. वाटेत जर्मनी मात्र सहज लागेल. वेदांगीलाही लागली होती. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण उगाच म्हणत नाही: सायकलची पूर्वज असलेली, पायांनी जमीन ढकलत चालवायची दुचाकी कार्ल द्राइसने १८१७ च्या जूनमध्ये पहिल्यांदा चालवून दाखवली ती जर्मनीतल्या मानहाइममध्येच.

अंतर सोडून फेऱ्या मोजल्या तर आकडे आणखी सुटतात. ताशी २० किलोमीटर वेग धरला तर २९ हजार किलोमीटरला १,४५० तास पायडल मारावं लागतं. मिनिटाला ८० फेऱ्यांनी ६९ लाख ६० हजार फेऱ्या होतात. रेसिंग सायकलचं चाक एका फेरीत सुमारे २.१ मीटर पुढे जातं, म्हणजे चाकाच्या फेऱ्या १ कोटी ३८ लाख. हृदय मिनिटाला १३० ठोके मारत असेल तर तेवढ्या वेळात १ कोटी १३ लाख ठोके. गादी ५ मिलिमीटर खाली राहिली तर एका फेरीत काहीही जाणवत नाही, पण गुडघ्याला ती चूक सत्तर लाख वेळा सोसावी लागते. लांब पल्ल्याची तयारी म्हणून आधी पाच-पाच मिलिमीटरने गादी वरखाली करून बघतात ते यासाठी.

खाण्याचं गणितही असंच. एका किलोमीटरला अंदाजे २५ कॅलरी धरल्या तर पूर्ण प्रदक्षिणेला सव्वासात लाख कॅलरी लागतात. एक किलो ज्वारीत साधारण ३,४०० कॅलरी असतात. म्हणजे नुसत्या सायकल चालवण्यासाठी दोन क्विंटलांहून जास्त ज्वारीच्या भाकरी. योगायोग असा की त्याच २०१८ साली परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची आणि हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेची ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी शेतकऱ्यांसाठी आली.

पण दोन क्विंटल ज्वारी मिळाली तरी पोटाचं जातं तेवढं दळत नाही. दमदार चालवताना तासाला ५०० कॅलरी जळतात. पोट मात्र तासाला ६० ग्रॅमच्या आसपास साखर रक्तात पोचवतं, म्हणजे २४० कॅलरी. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर दोन हजार कॅलरींच्या घरातली. उरलेला भार चरबीवर. साठ किलोच्या सडपातळ पोराच्या अंगावर सहा किलो चरबी असली तरी कागदावर ती १,८०० किलोमीटरना पुरते! प्रत्यक्षात चरबी सावकाश जळते. साखर संपली की पोरगं रस्त्याच्या कडेला हातपाय गाळून बसतं आणि त्याला एक किलोमीटरही सुचत नाही. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. भूक लागायच्या आधी खाणं हा त्यावरचा एकच इलाज.

परभणीच्या उन्हाचं तर विचारूच नका. पायांनी पायडलला १५० वॅट द्यायचे तर शरीर वर ५०० वॅट उष्णता तयार करतं. ती घामावाटे घालवायला तासाला पाऊण लिटर पाणी लागतं, आणि पारा चाळिशीच्या पुढे असला की हा आकडा लिटरभराच्या वर जातो. २०० किलोमीटरच्या राइडला दहा लिटर धरा. सायकलला अडकवलेल्या दोन बाटल्यांत मावतं दीड लिटर. लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, ते मिठाच्या रूपात अडीच ग्रॅम. दहा लिटरला पंचवीस ग्रॅम. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते, त्याहून वाईटही होऊ शकतं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत इथे स्पोर्ट्स ड्रिंकपेक्षा कमी नाही.

एवढं सगळं जुळवून पोरगं निघालं की खरा खेळ सुरू होतो, कारण रस्त्यावर सराटे असतात.

सराटा जमिनीलगत पसरतो, पिवळं फूल येतं आणि फळाला काटे असतात. फळ कसंही पडलं तरी एखादा काटा वर राहतोच. जोडीला बांधावरच्या बाभळी आहेत. बाभळीचा काटा पाच सेंटीमीटरहूनही लांब असतो, आणि रेसिंग सायकलच्या टायरची जाडी दोन-तीन मिलिमीटर. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो भरत असतील आणि टायरमध्ये ९० पीएसआय हवा असेल तर दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकलेली जागा सगळी साडेबारा चौरस सेंटीमीटर. वीस गंगांचा प्रवास एवढ्याशा रबरावर करायचा असतो.

पंक्चर झालं की मागचं चाक काढायचं, लिव्हरने टायर उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची. इथे घाई झाली की संपलं. टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवून काटा शोधावा लागतो. तो बाहेरून तुटलेला असतो, आतून मात्र मिलिमीटरभर टोक तसंच असतं. ते न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही जाते. काटा सापडल्यावर छोट्या पंपाने शेदोनशे दट्टे मारायचे. फाट्यावर पंक्चरवाला भेटला तर घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघून तो भोक लगेच दाखवतो, पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. रेसिंग सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर ते बसत नाही. वीस-पंचवीस रुपयांचा पितळी अडॅप्टर खिशात नसेल तर लाखाची सायकल हातात धरून चालावं लागतं.

सगळं सुरळीत झालं तर एका पंक्चरला वीस मिनिटं जातात. आता गणित मांडा. २०० किलोमीटर ताशी २५ वेगाने ८ तासांत होतात, ताशी ३० वेगाने ६ तास ४० मिनिटांत. फरक ८० मिनिटांचा. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणून २५ वरून ३० वर जायला हवेशी झुंजण्यातच सुमारे ७३ टक्के जास्त जोर लागतो. एवढा जोर महिनोन्‌महिने सराव करून कमवायचा आणि चार सराट्यांनी तो वीस-वीस मिनिटांच्या चार घासांत गिळायचा!

पंक्चर हा त्यातल्या त्यात भला अपघात. ताशी ३० वेगाने आपटणं म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडणं. वेग ५० झाला की ती उंची दहा मीटरच्या जवळ जाते, तिसऱ्या मजल्याइतकी. त्यात परभणीच्या रस्त्यांवर दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बाहेर डोकावणारा ऊस आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. रात्री ताशी २५ वेगाने जाणाऱ्याला समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत सात मीटर निघून जातात, थांबायला आणखी पाच. खडी असेल तर त्याहून जास्त. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे तासाला १९. ट्रॉलीचा दिवा आपल्या हातात नाही, आपलं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आहे.

जगभर फिरलेल्यांनाही हे चुकलेलं नाही. वेदांगीला स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटलं आणि डोक्याला मार बसला, कॅनडात अस्वल मागे लागलं, रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकावा लागला. ७८ दिवस १४ तास ४० मिनिटांत प्रदक्षिणा करणारा स्कॉटलंडचा मार्क ब्यूमाँट २०१७ मध्ये नवव्याच दिवशी रशियात पडला आणि दात तुटून कोपर दुखावलेल्या हाताने पुढे गेला. या लोकांच्या वाटेला अपघात कमी आले असं नाही. वाटेत अपघात होणारच, हे धरूनच त्यांनी दिवस आखले होते.

या आखणीला किती कमी जागा असते ते पाहायचं तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचा २०१७ चा आकडा बघा. अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर, सव्वातीन गंगा, आणि चढण जवळजवळ सहा एव्हरेस्टइतकी. एकट्या स्वाराला मुदत १२ दिवस. समर्थ पोचले ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. मुदत संपायला २ तास ४९ मिनिटं होती, एकूण वेळेच्या एक टक्का. वीस मिनिटांची नऊ पंक्चर जास्त झाली असती तर हाती काही लागलं नसतं.

परभणीच्या पोरांना सुरुवात करायला अमेरिका लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या मुदतीत कापायच्या राइडमध्ये, उतरता येतं. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी भारतातही ती होते. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. एका हंगामात चारही केल्या की सुपर रँदोनर. चारही अंतरांची बेरीज १,५०० किलोमीटर, म्हणजे गंगेहून ३५ किलोमीटर जास्तच.

तेव्हा पहिल्या २०० ची तयारी करणाऱ्यांनो, वेगाचं वेड थोडं बाजूला ठेवा. ताशी २० धरून दहा तास सायकलला द्या, उरलेले साडेतीन तास आधीच काट्यांच्या, ताकाच्या आणि पडझडीच्या नावावर लिहून टाका. दोन ट्यूब, दोन लिव्हर, पंप, अडॅप्टर, मिठाची पुडी, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. आणि चाक खोलून पंक्चर काढायचा सराव अंगणात करा, अंधारात करा, चिडलेले असताना करा. मांड्या तर सगळ्यांच्याच कमवलेल्या असतात.