हिवाळ्याची कोथिंबीर : जपणूक आणि जयणा

कार्तिक शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास पूर्ण होतो. दुसऱ्या दिवशी, कार्तिक पौर्णिमेला, चार महिने थांबलेली शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते. ज्यांना पालिताण्याला जाणे शक्य नसते, ते आपापल्या उपनगरात शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात. त्याच सुमारास घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील अनेक जैन घरांत आणखी एक पाहुणी परतते, ती म्हणजे कोथिंबीर. कितीतरी दिवस केवळ जिरे, हिंग आणि कोकमावर निभावलेल्या आमटीला पुन्हा हिरवा रंग येतो.

इतर घरांत कोथिंबीर ही केवळ वरून पेरण्याची वस्तू असेल; जैन स्वयंपाकात तिचे स्थान मोठे आहे. जेथे कांदा नाही, लसूण नाही, ओले आलेही नाही, तेथे वाटणाचा सारा भार कोथिंबीर, हिरवी मिरची आणि खोबऱ्यावर असतो. म्हणूनच हिवाळ्यात ती घरात मुबलक येते, आणि म्हणूनच पुष्कळदा ती वायाही जाते.

काळाची मर्यादा

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिक शुद्ध चतुर्दशीपर्यंत, म्हणजे आठ महिने, भाजीपाल्याचा त्याग सांगितला आहे आणि कोथिंबीर त्यातच येते. दिगंबर घरांत साधारणतः चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करतात. परंपरांमध्ये भेद असले तरी कारण एकच आहे. उष्मा आणि ओलावा वाढला की पानांच्या आश्रयाने सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते. हिवाळ्याचे चार महिने त्या मानाने निर्धोक असतात. प्रत्येक घराने आपल्या परंपरेप्रमाणे व गुरुभगवंतांच्या मार्गदर्शनाने मर्यादा ठरवावी. पुढील विवेचन या चार महिन्यांपुरते आहे.

हाच काळ कोथिंबिरीच्या भरघोस पिकाचाही असतो. मुंबईला येणारा पाला बहुतांशी नाशिक आणि पुणे परिसरातून येतो. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबिरीचे लिलाव जुडीच्या शेकड्यावर होतात. पेरल्यापासून साधारण ४० ते ४५ दिवसांत काढणीला येणारे हे पीक एकाच वेळी भरपूर आले की भाव कोसळतो, आणि काढणी-वाहतुकीचा खर्चही निघेनासा झाला की शेतकरी कधी कधी जुड्या रस्त्यावर टाकून जातो. ही स्वस्ताई मग स्टेशनाबाहेरच्या भाजीवाल्यापर्यंत पोहोचते, आणि एक जुडी घ्यायला गेलेला माणूस चार जुड्या घेऊन घरी येतो.

वाया गेलेल्या जुडीचा हिशेब

शनिवारी आणलेल्या चार जुड्यांपैकी दोन बुधवारी पिशवीत काळ्या पडलेल्या सापडतात. पैशांच्या हिशेबात ही हानी क्षुल्लक आहे. व्यापारी घराच्या खातेवहीत ती दिसणारही नाही. परंतु श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण नावाचे एक व्रत आहे. ज्या हिंसेने कोणाचेही प्रयोजन साधत नाही, ती टाळावी असे ते सांगते. जेवणासाठी चिरलेली जुडी ही प्रयोजनाची हिंसा. पिशवीत सडलेली जुडी ही निव्वळ अनर्थाची. वनस्पतीचा जीव गेला, सडताना तिच्यात नवे जीव उपजले, तेही कचऱ्यात गेले, आणि ताटात मात्र काहीच आले नाही.

म्हणून जपणुकीची सुरुवात फ्रीजपासून नव्हे, खरेदीपासून होते. द्वितीया, पंचमी, अष्टमी, एकादशी आणि चतुर्दशी या पाच तिथींना ज्या घरांत हिरवी भाजी वर्ज्य असते, तेथे पंचांग उघडून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते : दोन दिवस हिरवे चालते आणि तिसऱ्या दिवशी नाही. क्षय-वृद्धीचा अपवाद सोडला तर सात दिवसांत कोथिंबीर वापरण्याचे दिवस चार किंवा फार तर पाच भरतात. तरीही खरेदी मात्र सातही दिवसांच्या हिशेबाने होते. उरते ती कोथिंबीर या दोन-तीन दिवसांची असते. चौघांच्या घराला मध्यम आकाराची एक जुडी बहुधा पुरते. पाहुणे येणार असतील किंवा कोथिंबीर वड्यांचा बेत असेल, तरच दुसरी घ्यावी.

निवडणे दिवसाच्या प्रकाशात

उपनगरांतील आजच्या घरांची खरी अडचण निवडण्याची आहे. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. सासूबाईंचा चौविहार असतो, आणि सूनबाई कामावरून लोकलने घरी पोहोचेपर्यंत दिवे लागलेले असतात. विजेच्या दिव्याखाली घाईघाईने निवडलेल्या पाल्यात पानाच्याच रंगाची बारीक अळी दिसत नाही. सकाळी तर डब्यांची घाई. यावरून घरोघरी कुरबुर होते; एकीला दुसरी निष्काळजी वाटते, दुसरीला पहिली हट्टी वाटते.

यावर सोपा मार्ग म्हणजे आठवड्याची जुडी रविवारी सकाळी, खिडकीजवळ बसून, शक्य तर दोघींनी मिळून निवडावी. पांढरे कोरडे फडके अंथरावे. जुडीचा दोरा सोडून थोड्या थोड्या काड्या हलक्या हाताने फडक्यावर झटकाव्यात. पांढऱ्यावर हिरवी अळी आणि काळा कीटक दोन्ही चटकन दिसतात. पानांची मागची बाजू अवश्य पाहावी. जीव दिसल्यास पूंजणीने किंवा पानाच्या तुकड्यासह अलगद उचलून सावलीच्या, सुरक्षित जागी ठेवावा. मुळे मातीसह वेगळी काढावीत. पिवळी, चिरडलेली, काळपट पाने बाजूला करावीत, कारण एक सडके पान भोवतीच्या दहांना सडवते. कोवळे देठ मात्र टाकू नयेत. पानांइतकाच स्वाद त्यांच्यातही असतो आणि वाटणात ते सहज जिरतात.

कोरडी ठेवावी, धुऊन नव्हे

कोथिंबीर तोडल्यानंतरही श्वसन करीत राहते. त्यातून उष्णता आणि ओल निर्माण होते. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ती ओल पानांवरच बसते आणि सडणे सुरू होते. भाजीवाला जुडीवर पाणी शिंपडतो ते दिवसभर ती टवटवीत दिसावी म्हणून. तेच पाणी घरी आल्यावर तिचा घात करते. म्हणून जुडी ओली असल्यास प्रथम फडक्यावर पसरून तासभर सुकू द्यावी.

निवडलेली कोरडी कोथिंबीर सुती फडक्यात सैलसर गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्याच्या तळाशी एक घडी केलेले फडके असावे. दर दोन दिवसांनी फडके बदलावे आणि पिवळे पान दिसल्यास काढावे. फ्रीजमध्ये अशी कोथिंबीर आठवडाभर चांगली राहते. डबा पिकलेल्या केळ्यांजवळ, सफरचंदांजवळ ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात. वापरण्याच्या वेळीच, हवी तेवढी काढून, पुन्हा एकदा पाहून, गाळलेल्या पाण्याने धुवावी. देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु त्यात दिवसेंदिवस साठवलेले पाणी ठेवावे लागते, म्हणून जयणेच्या दृष्टीने कोरडी रीतच श्रेयस्कर.

फ्रीझरमध्ये पाण्यासह कोथिंबिरीचे चौकोनी खडे करून महिनोन्महिने साठवण्याची पद्धत हल्ली प्रचलित आहे. जैन घराने येथे थांबून विचार करावा. बावीस अभक्ष्यांत बर्फाची गणना आहे. शिवाय गोठताना पानातील पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात, त्यामुळे बाहेर काढल्यावर पान लिबलिबीत होते. वाटलेल्या चटणीचेही तसेच. ओलसर चटणी रात्र उलटली की बासी ठरते. ती रोज लागेल तेवढीच वाटावी. चटणीत डाळ्या असतील तर कच्चे दही मिसळू नये, हा द्विदलाचा नियम बहुतेक घरांना ठाऊक आहेच. सचित्ताचा त्याग असणाऱ्यांसाठी कोथिंबीर वरून न पेरता उकळत्या आमटीतच घालावी.

वाळवण आणि धने

थोडी कोथिंबीर वाळवायची असेल तर ती सावलीतच वाळवावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, गॅलरीत, वर पातळ मलमल झाकून, दोन-तीन दिवसांत पाने कुरकुरीत होतात. पानांत सुमारे ९० टक्के पाणी असते. एक किलो निवडलेल्या पानांचे वाळवण जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास भरते. सुगंधही पुष्कळ उडतो, कारण ओल्या पानाचा विशिष्ट वास ज्या द्रव्यांमुळे येतो, ती वाळताना हवेत निघून जातात. तेव्हा वाळवण थोडेच करावे, कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावे. भाजीपाल्याचा त्याग पाळणाऱ्या घरांत तेही फाल्गुन चतुर्दशीपूर्वी संपवावे. बरणीत राहिलेला चुरा पावसाळ्यात ओल धरतो आणि त्यावर बुरशी चढते.

मग पुढील आठ महिने काय? त्याची तजवीज त्या वनस्पतीनेच करून ठेवली आहे. हिवाळ्यात शेतात राखलेल्या कोथिंबिरीला फुले येतात, दाणे धरतात, आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास राजस्थानात कोट्याजवळच्या रामगंज मंडीत, तसेच सौराष्ट्रात गोंडलच्या बाजारात नव्या धन्यांची आवक सुरू होते. धन्यांचा सुगंध पानांहून निराळ्या द्रव्याचा, लिनालूलचा असतो आणि तो कोरडेपणातही टिकतो. पान ताटातून जाण्याच्या सुमारासच दाणा घरात येतो. स्वच्छ निवडून, उन्हे देऊन ठेवलेले अख्खे धने आणि लागेल तशी ताजी दळलेली पूड एवढ्यावर चातुर्मासाची आमटी सुगंधी होते.

फाल्गुनातील शेवटची जुडी संपेल तेव्हा डब्यात एकही काडी सडलेली नसावी. हिवाळाभराच्या जपणुकीची तीच पावती.