काच वर येईना, तेव्हा

जुनी गाडी बाळगणाऱ्या घरात आषाढाच्या तोंडी एक प्रसंग हमखास उद्भवतो. दाराची काच बटण दाबताच खाली जाते आणि पुन्हा वर येण्याचे नाव घेत नाही. आभाळ भरून आलेले असते, आणि उघड्या खिडकीची गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवण्याची कोणाची छाती होत नाही. मग मिस्त्रीला बोलावणे जाते. आमच्या इंदूरकडे तो येतो, दारावर एक थाप मारतो आणि निकाल देतो, ‘मोटर गई, नई डाल दो.’ निकाल कधी खरा असतो. पण पुष्कळदा मोटर निर्दोष असते, आणि शिक्षा मात्र तिला व आपल्या खिशाला होते.

विजेवर चालणाऱ्या खिडक्या जगाला नव्या नाहीत. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने 1940 साली त्या आपल्या गाडीला बसविल्या. तेव्हा ते काम तेलाच्या दाबाने होई. आज दाराच्या पोटात बारा व्होल्टची एक लहानशी मोटर असते. तिच्या दांड्यावरील मळसूत्र एका दातेरी चाकाला फिरविते, आणि ते चाक पोलादी तारेच्या किंवा कात्रीसारख्या हातांच्या साहाय्याने काच उचलते. या सांगाड्याला बाजारात ‘विंडो मशीन’ म्हणतात. प्रवाहाची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते. मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण चाकाला मळसूत्र फिरविता येत नाही. म्हणूनच बटण सोडल्यावरही काच जागच्या जागी राहते.

दार खोलण्यापूर्वी कान आणि डोळे वापरावेत. चारही काचा एकदम बंद पडल्या, तर चारही मोटरी एकाच दिवशी मेल्या असे समजण्याचे कारण नाही. प्रथम फ्यूज पाहावा. चालकाची काच चालते आणि इतर चालत नाहीत, तर त्याच्या हाताजवळचे कुलूप-बटण पाहावे. घरात नातवंडे असतील तर आधी तेच पाहावे! एकच काच अडली असेल, तर अंधारात इंजिन बंद व किल्ली चालू ठेवून आतला दिवा लावावा आणि बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे आणि मोटर कशाने तरी अडली आहे. मुळीच मंदावला नाही, तर दोष बटणात, तारेत किंवा मोटरच्या झिजलेल्या कार्बनमध्ये असावा. बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तार हजारो वेळा वाकून तुटते. दार हळूहळू हलवीत बटण दाबल्यावर काच क्षणभर हलली, तर दोष तेथेच. दाराच्या आतील पॅडवर मुठीने ठोकताच मोटर जागी झाली, तर कार्बन झिजले आहेत. मोटर घरघरते पण काच हलत नाही, तेव्हा विंडो मशीनची तार किंवा प्लॅस्टिकचे दाते तुटलेले असतात.

आता खऱ्या अपराध्याकडे वळू. काच ज्या रबरी खाचेतून सरकते, तिला आपण बीडिंग म्हणतो. दहा-पंधरा उन्हाळ्यांत ते रबर कडक होते, त्यात धूळ बसते आणि काच जखडून जाते. बिचारी मोटर अधिक वीज ओढते, तापते, आणि तिच्या पोटातील संरक्षक कळ तिला थांबविते. पाच-दहा मिनिटांनी ती निवली की काच पुन्हा चालते, आणि आपणांस वाटते, मोटरच लहरी आहे. अशा दारात नवी मोटर घातली, तर तीही त्याच वाटेने जाणार. खाच ओल्या फडक्याने पुसावी, वाळू द्यावी आणि सिलिकॉनचा फवारा मारावा. तेल किंवा ग्रीस तेथे मुळीच नको. तेलाने रबर फुगते आणि धूळ अधिक चिकटते. रबर फाटले असेल, तर बीडिंग बदलावे. ते मोटरीहून स्वस्त पडते.

मोटर काढावीच लागली, तर बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी आणि काच वर धरून चिकटपट्टीने चौकटीला पक्की बांधावी. मोटर सुटताच काचेचा आधार जातो आणि ती हातावर कोसळू शकते. कात्रीच्या जातीच्या मशीनमध्ये ताणलेली स्प्रिंग असते; मशीन बोल्टने अडकविल्याशिवाय मोटर काढली, तर तिचा हात उसळून बोटे कापली जातात. हे काम घरच्या हौशी माणसाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेर काढलेली मोटर फेकून देण्याची घाई नसावी. बॅटरीवर थेट लावून ती दोन्ही दिशांनी फिरते का, ते पाहावे. न फिरल्यास वाइंडिंगच्या दुकानात ती उघडून घ्यावी. पुष्कळदा कार्बनची काळी भुकटी, ओल्याने आलेला गंज आणि दगडासारखे झालेले ग्रीस एवढेच निघते. कम्युटेटर बारीक कागदाने साफ करून नवे कार्बन व ग्रीस घातले, की ती पुन्हा चालू लागते. आतले चुंबक तडकले किंवा आर्मेचर जळले असेल, तर मात्र नवी मोटर आणावी.

पॅडमागे चिकटविलेला प्लॅस्टिकचा कागद मिस्त्री सर्रास फाडून टाकतात. काचेवरून दारात उतरणारे पाणी तोच अडवितो. तो नसला तर पहिल्याच पावसात पायाखालची सतरंजी भिजते. तो आपल्यासमोर पुन्हा चिकटवून घ्यावा, आणि पॅड बसविण्याआधी काच चार-सहा वेळा वर-खाली करून पाहावी. दुरुस्त झालेली काच पूर्वीपेक्षा वेगाने वर जाते, आणि जुन्या गाड्यांत अडथळा लागला म्हणून ती आपणहून मागे फिरत नाही. मागे मुले बसणार असतील, तर ते कुलूप-बटण दाबूनच गाडी काढावी.